जोडीचा दाणा आणि पिल्लाची वाढ: सीमाभागातल्या कबुतरपाळांसाठी

अंड्यातून बाहेर पडलेलं कबुतराचं पिल्लू पंधरा-वीस ग्रॅमचं असतं. डोळे मिटलेले, अंगावर विरळ पिवळी लव, मान धरायचीही ताकद नाही. चांगल्या जोडीखाली तेच पिल्लू दोन दिवसांत दुप्पट होतं आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी जवळजवळ आई-बापाच्या वजनाला येतं. या महिनाभरात आपण त्याच्या चोचीत एक दाणाही घालत नाही. जे जातं ते नर-मादीच्या गळ्यातून जातं. त्यामुळे पिल्लाचा खुराक म्हणजे जोडीचाच खुराक, आणि त्याची तयारी जोडी लावायच्या महिनाभर आधी सुरू होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पुष्कळ ढाबळींत, म्हणजे कबुतरखान्यांत, वर्षभर एकच दाणा चालतो. कुठं नुसती ज्वारी, कुठं नुसता मका. पिल्लं सुकायला लागली की दुकानातून टॉनिकची बाटली येते. त्याच पैशांत मटकी, हुलगे आणि वाटाणा आणला असता तर बाटलीची वेळ आली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली दिलंय ते होमर, गिरेबाज, लक्का अशा सगळ्या जातींना लागू आहे. फक्त दाण्याचा आकार आणि वजन पक्ष्याप्रमाणे कमी-जास्त करायचं.

आधी हे दूध काय आहे ते समजून घ्या

कबुतराच्या गळ्याखाली अन्न साठवायची पिशवी असते. अंड्यांवर बसून आठ-दहा दिवस झाले की प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे या पिशवीचं आतलं अस्तर जाड व्हायला लागतं. पिल्लू बाहेर यायच्या एक-दोन दिवस आधी त्या अस्तराच्या पेशी सुटायला लागतात आणि त्यांचा दह्याच्या चोथ्यासारखा फिकट पिवळा लगदा तयार होतो. हेच कबुतराचं दूध. ते मादीला येतं तसंच नरालाही येतं.

सुकवून मोजलं तर त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं आणि साधारण एक तृतीयांश चरबी भरते. पिष्टमय पदार्थ जवळपास नाहीतच. शिवाय रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यंही त्यातूनच पिल्लाला मिळतात. पहिले तीन-चार दिवस पिल्लाला दुसरं काहीही चालत नाही. पाचव्या दिवसापासून जोडी दुधात थोडे भिजलेले दाणे मिसळायला लागते. दुसऱ्या आठवड्यात दूध आटत जातं आणि पिल्लू पूर्णपणे दाण्यावर येतं.

गाईम्हशीच्या दुधाचा याच्याशी काही संबंध नाही. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. अशक्त पिल्लाला चमच्यानं दूध पाजणारे लोक अजून भेटतात. ते पिल्लू जुलाबानं जातं आणि दोष जोडीवर येतो.

पहिली पायरी: जोडी लावण्याआधीचा महिना

आपल्याकडं जोड्या लावायला दसऱ्यानंतरचे दिवस चांगले. पावसाळ्यात कबुतरं पिसं बदलत असतात, त्यांची ताकद तिकडं खर्च होते. कणकुंबी, जांबोटीकडच्या ओलीत तर दाणाही धड राहत नाही आणि घरटंही. अथणी, रायबागकडं पाऊस कमी, पण एप्रिल-मेचं ऊन कडक. म्हणून दसरा ते होळी एवढ्यात दोन, फार तर तीन विणी घ्याव्यात.

या आधीच्या महिन्यात पक्षी वेगळे ठेवून हलका दाणा द्यायचा. दहा किलोचं मिश्रण असं: ज्वारी ४ किलो, मका अडीच किलो, बाजरी दीड किलो, गहू १ किलो, कोणतंही कडधान्य १ किलो. यात प्रथिनं साधारण ११ टक्के पडतात आणि विश्रांतीतल्या पक्ष्याला तेवढी पुरतात. मादी चरबीनं फुगली तर अंडं अडकतं, आणि अडकलेलं अंडं काढताना बऱ्याचदा मादीच जाते. छातीचं हाड बोटाला जरा लागलं पाहिजे, पण टोचता कामा नये.

याच महिन्यात जंताचं औषध आणि तपासणी उरकून घ्या. पिल्लं घरट्यात असताना औषधं चालवणं टाळायचं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताजी विष्ठा नेऊन दाखवली तर अंदाजानं औषध द्यावं लागत नाही.

दुसरी पायरी: विणीचा दाणा

जोडी लावल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत मादी अंडं घालते. पहिलं अंडं संध्याकाळी, दुसरं एक दिवस सोडून दुपारी. जोडी लावली त्याच दिवसापासून दाणा बदलायला सुरुवात करा, पण एकदम नाही. चार-पाच दिवसांत जुन्यातलं कमी करत नवं वाढवत न्यायचं.

विणीचं दहा किलोचं मिश्रण:

मका ३ किलो
ज्वारी (शाळू मिळाला तर उत्तम) दीड किलो
गहू १ किलो
बाजरी अर्धा किलो
वाटाणा दीड किलो
मटकी, हुलगे, मसूर प्रत्येकी अर्धा किलो
हरभरा अर्धा किलो
करडई अर्धा किलो

हिशेब सोपा आहे. धान्यात प्रथिनं ९ ते ११ टक्के, कडधान्यात २० ते २४. मक्यात ९ धरली तर ३ किलोत २७० ग्रॅम, वाटाण्यात २२ धरली तर दीड किलोत ३३० ग्रॅम. अशी बेरीज केली की वरच्या मिश्रणात साडेचौदा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं येतात. हा हिशेब एकदा वहीत मांडून ठेवा. बाजारात एखादं कडधान्य महाग झालं की ते गाळून दुसरं किती घालायचं हे मग कुणाला विचारावं लागत नाही. मटकी महागली तर हुलगे वाढवा, वाटाणा महागला तर चवळी घाला. कबुतराला नावाशी देणंघेणं नाही, पण दोन-तीन प्रकारची कडधान्यं एकत्र असली पाहिजेत. एका दाण्यात जे आवश्यक घटक कमी पडतात ते दुसरा भरून काढतो.

मक्याबद्दल थोडं. पिवळाच घ्या. पांढऱ्या मक्यात अ जीवनसत्त्व तयार करणारा पिवळा घटक नसतो. गिरेबाजासारख्या लहान चोचीच्या पक्ष्यांना आख्खा हायब्रीड मका मोठा पडतो, त्यांच्यासाठी भरडून घ्यावा लागतो. पण भरडलेला मका आठवड्यात खवट होतो, म्हणून लागेल तेवढाच भरडा. बैलहोंगल, गोकाककडं मका भरपूर पिकतो. हंगामात थेट शेतकऱ्याकडून घेतला तर स्वस्त पडतो, पण त्याच्या ओलाव्याचं बघावं लागतं. ते पुढं सांगतो.

करडईचं प्रमाण वाढवायचा मोह आवरा. कबुतरं करडई आणि सूर्यफूल आधी वेचून खातात, त्यामुळं ती त्यांना फार मानवते असं वाटतं. तेलबियांनी पिसांना चकाकी येते हे खरं, पण शंभरात पाचच्या वर गेलात की मादी जाड होते. जवस पिसं बदलायच्या दिवसांत द्यायला चांगलं, विणीत चमचाभर पुरे.

तिसरी पायरी: बसण्याच्या पाळ्या आणि दाण्याची वेळ

इथं बहुतेक ढाबळींत घोळ होतो. दाणा उत्तम असतो, वेळ चुकते.

अंडी उबवायचं काम दोघं वाटून घेतात. नर साधारण सकाळी नऊ-दहाला बसतो आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास उठतो. बाकीचा वेळ, म्हणजे संध्याकाळपासून रात्रभर आणि सकाळपर्यंत, मादी बसलेली असते. आता आपली वेळ बघा. कामाला जायच्या गडबडीत सकाळी सातला दाणा टाकायचा, आठला भांडं उचलायचं. संध्याकाळी घरी आल्यावर सहाला पुन्हा. दोन्ही वेळा मादी अंड्यांवर. नर मात्र दोन्ही वेळा पोटभर खाऊन बसतो. दहा-बारा दिवसांत मादीची छाती उतरते आणि पुढं पिल्लांना दूध कमी पडतं.

उपाय साधा आहे. सकाळचा दाणा अकरापर्यंत भांड्यात राहू द्या आणि दुपारचा साडेतीन-चारला टाका. ज्यांना दिवसभर बाहेर राहावं लागतं त्यांनी घरातल्या कुणाला तरी चारचा दाणा सोपवावा, नाहीतर प्रत्येक खणात (जोडीच्या घरट्याच्या कप्प्यात) लहान वाटीत दाणा ठेवावा. खणात वाटी ठेवली की दोघांना हवं तेव्हा खाता येतं. शिवाय पुढं तीच वाटी पिल्लांना दाणा ओळखायला उपयोगी पडते.

उबवण्याच्या अठरा दिवसांत पक्ष्याची हालचाल कमी असते, त्यामुळं खाणंही उतरतं. मोठ्या पक्ष्याला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम दाणा पुरतो, लहान जातीला त्याहून कमी. भांड्यात काय उरतं ते रोज बघत जा. कबुतर आवडीचं आधी खातं, वाटाणा आणि करडई पहिल्या मिनिटात संपते, ज्वारी-गहू शेवटी राहतो. ज्वारीही संपली आणि पक्षी भांड्याभोवती घुटमळत असतील तर दाणा कमी पडतोय. ज्वारी-गव्हाचा ढीग उरत असेल तर जास्त झालाय. तो उरलेला ढीग फेकून वर नवं मिश्रण टाकलंत तर पक्षी फक्त कडधान्य आणि तेलबिया खायला शिकतात, आणि तुम्ही कागदावर मांडलेलं प्रमाण कागदावरच राहतं.

चौथी पायरी: पिल्लू बाहेर येताना

दुसऱ्या अंड्यापासून सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. त्याच्या दोन दिवस आधीपासून पिल्लू पाच दिवसांचं होईपर्यंत दाण्यात, पाण्यात, जागेत काहीही बदल करू नका. नवा टॉनिक नको, नवा शेजारी नको. या दिवसांत दूध बनत असतं आणि घाबरलेली जोडी घरटं सोडते.

दाण्यात एवढाच एक बदल चालतो: लहान दाणे भरपूर हवेत. पाचव्या दिवशी जोडी दुधाबरोबर जे भरवायला लागते ते तिनं थोड्या वेळापूर्वी खाल्लेलंच असतं. नुसता मोठा मका खाल्लेला असेल तर तोच पिल्लाच्या इवल्या पिशवीत जातो. म्हणून बाजरी, ज्वारी, मसूर, मटकी यांचं प्रमाण तिसऱ्या दिवसापासून थोडं वाढवा.

पहिलं अंडं कधी कधी दुसऱ्याच्या अर्धा-एक दिवस आधी फुटतं. मग एक पिल्लू मोठं, एक मागं पडतं. मोठं मान वर करून सगळं घेतं. ढाबळीत एकाच वेळी पाच-सहा जोड्या बसवल्या असतील तर सरळ अदलाबदल करा: मोठी दोन एका जोडीखाली, लहान दोन दुसरीखाली. पिल्लांच्या वयात एक-दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको, कारण दोन दिवसांच्या पिल्लाला दहा दिवसांच्या पिल्लाची आई दाणे भरवेल. जोड्या एकाच दिवशी लावायच्या त्या यासाठीच. अंडी फुकट गेलेल्या जोडीलाही त्या वेळी दूध आलेलं असतं, तिच्याखाली एखादं पिल्लू द्या.

घरट्यासाठी मातीचं परळ, म्हणजे पसरट भांडं, घ्या, तळ खडबडीत असू दे. गुळगुळीत तळावर पिल्लाचे पाय फाकतात आणि मग कितीही चुना-टॉनिक दिला तरी सरळ होत नाहीत. परळात तंबाखूच्या जाड वाळलेल्या काड्या घालायची पद्धत जगभरच्या कबुतरपाळांत आहे, कारण त्यानं उवा आणि पिसवा कमी राहतात. निपाणी भागातल्या लोकांना तर त्या गोळा करायला लांब जावं लागत नाही. फक्त काड्याच घ्या, पानाचा चुरा आणि धूळ झाडून टाका. तंबाखू मिळत नसेल तर कडुलिंबाच्या बारीक फांद्या चालतात.

पाचवी पायरी: पाचव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत

वाढीचा सगळा जोर इथं. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडतात, आठ-दहा दिवसांत पिसांच्या नळ्या फुटतात. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, त्यामुळं या दिवसांत कडधान्य वाढवावंच लागतं. वरच्या मिश्रणातला मका एक किलोनं कमी करून तेवढंच कडधान्य वाढवा, म्हणजे प्रथिनं १६ टक्क्यांपर्यंत जातात. मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडतात आणि आठवड्याभरानंतर जोडी पिल्लांवर पूर्वीसारखी बसत नाही. तेव्हा मका कमी करायचा तो गव्हाच्या वाट्यातून भागवा, म्हणजे गहूच काढून टाका आणि मका तसाच ठेवा. मक्यानं ऊब टिकते.

दोन पिल्लांसह जोडी तिसऱ्या आठवड्यात दिवसाला १२० ते १५० ग्रॅम दाणा उठवते. इथं हात आखडू नका. या दिवसांत दाणा दिवसभर समोर असला तरी चालतो, फक्त उरलेला रोज चाळून घ्यायचा.

पाणी दाण्याइतकंच महत्त्वाचं. जोडी दाणा खाते, पाणी पिते आणि मग भरवते. पाणी संपलेल्या ढाबळीत पिल्लाच्या पिशवीत कोरडे दाणे दगडासारखे बसतात. पिल्लं असलेली जोडी एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. सकाळ-दुपार दोनदा बदला, भांडं घासूनच भरा, आणि ते विष्ठा पडणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आत प्रत्येक पिल्लाची पिशवी हलक्या हातानं चाचपा. भरलेली, मऊ आणि दाणे हाताला लागतात अशी असली तर जोडी काम करतेय. सकाळी तीच पिशवी रिकामी झालेली हवी. सकाळीही फुगलेली, आंबूस वास येतोय, तर अन्न कुजतंय. संध्याकाळी रिकामी, तर त्या रात्री हातानं भरवावं लागेल. स्वयंपाकघरातल्या लहान वजनकाट्यावर एक दिवसाआड वजन करून वहीत लिहिलं तर डोळ्यांना दिसायच्या आधी कळतं. वजन एक दिवसही थांबलं तर कारण शोधा.

त्यात पहिलं कारण बघायचं ते घसा. पिल्लाची चोच उघडून आत पिवळट चिकट थर किंवा गाठ दिसली तर तो कॅन्कर हा घशाचा रोग असू शकतो. निरोगी दिसणारी जोडीही तो दूध भरवताना पिल्लाला देते. पशुवैद्यांना दाखवा, औषधाचा डोस शेजारच्या ढाबळवाल्याला विचारून ठरवू नका. घसा स्वच्छ करायला गाठ नखानं खरवडणं तर अजिबात नको, रक्तस्राव होऊन पिल्लू जातं.

कॅल्शियम आणि खडी

कबुतराला दात नाहीत, तो दाणा पोटातल्या जाड स्नायूच्या जात्यात दळतो आणि त्याला दगड लागतात. हे एक काम. मादीला टरफलासाठी आणि पिल्लाला हाडांसाठी चुनखड लागतं, हे दुसरं. दोन्ही कामांना वेगवेगळा माल लागतो, नुसत्या विटेच्या तुकड्यांवर भागत नाही.

पाच किलो खडी घरी अशी होते: शिंपल्यांचा चुरा २ किलो, धुतलेली भरड वाळू किंवा काळ्या दगडाची बारीक कच दीड किलो, जुन्या पक्क्या विटेचा चुरा पाऊण किलो, उकळून वाळवलेली अंड्याची टरफलं अर्धा किलो, लाकडी कोळसा १५० ग्रॅम, आयोडीनचं मीठ १०० ग्रॅम. शिंपले कोंबडीच्या खाद्याच्या दुकानात मिळतात, चोर्ला घाटातून गोव्याला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर तिकडूनही येतात. खड्याचा आकार बाजरी ते ज्वारीएवढा. मलप्रभा किंवा घटप्रभेची भरड वाळू चालते, पण दोनदा धुऊन उन्हात वाळवून. रंग लावलेल्या भिंतीचा पापुद्रा किंवा सिमेंट कधीही घालू नका. मीठ त्यापेक्षा वाढवू नका, मीठ जास्त झालं तर पक्षी मरतो.

खडी लहान भांड्यात थोडी थोडी, चार दिवसांनी बदलून द्यायची. ओल धरलेली खडी पक्षी खात नाहीत.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि ते उन्हातून मिळतं. ढाबळीला सकाळचं ऊन येत नसेल तर शिंपल्याचं पोतं ओतूनही टरफलं पातळच राहतील. हिरवा पाला आठवड्यातून दोनदा पुरे: शेवगा, मेथी, कोथिंबीर. लसूण पाण्यात ठेचून घालायची आपल्याकडं फार आवड. त्यानं नुकसान नाही, पण ते औषध नव्हे. पिल्लं आजारी पडल्यावर लसणीवर विसंबून राहिलात तर दोन दिवस वाया जातात.

दाणा विकत घेताना

कडधान्य चोखंदळपणे घ्यायचं, पण खरा धोका मक्यात असतो. आपल्याकडं खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतो, परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. ओल्या मक्यावर बुरशी येते, तिच्यातलं अफलाटॉक्सिन यकृतावर घाव घालतं, आणि पिल्लं त्याला सगळ्यांत आधी बळी पडतात. भाजून किंवा धुऊन ते विष जात नाही.

ओलावा घरीच बघता येतो. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर मका आणि दोन चमचे तव्यावर तापवून कोरडं केलेलं मीठ घाला, झाकण लावून काही मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर मका ओला आहे, साधारण १५ टक्क्यांच्या वर. साठवायला तो १२-१३ पर्यंत उतरलेला हवा. नवा मका आणला तर वाळवून दोन-तीन महिने ठेवून मग विणीत वापरा, तोवर गेल्या हंगामातला जुना चालवा. ज्वारीतही तेच: पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. रब्बीचा शाळू कोरड्या हवेत निघतो, म्हणून विणीला तो बरा. साठवण पत्र्याच्या डब्यात, फळीवर, भिंतीपासून सुटी. उंदीर दाण्यात लेंड्या टाकतात, त्यातून जंतू येतात.

पेरणीसाठीचं लाल-गुलाबी किंवा हिरवं बियाणं हे सरळ विष आहे. जून-जुलैत पेरणी झाल्यावर उरलेलं पाकीट 'वाया का घालवायचं' म्हणून कबुतरांपुढं जातं. बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेलं असतं. रंग धुऊन निघाला तरी औषध राहतं.

कच्चं सोयाबीन आणि राजमा देऊ नका, दोन्हींत पचन बिघडवणारे घटक असतात. लाखेची डाळ किंवा दाणा कडधान्यात भेसळ म्हणून आलेला असेल तर वेचून काढा. भिजवून मोड आणलेली मटकी उत्तम, पण त्याच दिवशी संपवायची, उरलेली संध्याकाळी फेकायची. ब्रेड, फरसाण, शिजवलेला भात यांनी पोट भरतं आणि खरा दाणा राहून जातो.

हातानं भरवायची वेळ आली तर

पाच दिवसांच्या आतलं पिल्लू हातावर वाढवणं फार अवघड, त्याला दुसऱ्या जोडीखाली द्या. पाच ते दहा दिवसांच्या पिल्लाला पाळीव पक्ष्यांसाठी मिळणारी भरवायची पावडर कोमट पाण्यात पातळ करून चालते. मनगटावर थेंब टाकून जेमतेम उबदार लागली पाहिजे. गार दिली तर पिशवीत आंबते, गरम दिली तर पिशवी भाजते. कबुतराचं पिल्लू चोच उघडून बसत नाही, आई-बापाच्या तोंडात चोच खुपसून ओढतं. म्हणून लहान वाटीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून त्याला छोटं भोक पाडा, पिल्लू त्यात चोच घालून स्वतः ओढतं. सिरिंजनं घशात दाबून ओतलं तर श्वासनलिकेत जातं.

दहा दिवसांच्या पुढं काम सोपं होतं. सहा-आठ तास भिजवलेला वाटाणा किंवा हरभरा कोमट करून एकेक दाणा चोचीत मागं ठेवायचा, पिल्लू गिळतं. पिशवी मऊ भरली की थांबा. ताणून भरू नका. चोच पाण्यात हलकी बुडवली की ते ओढून पितं.

सहावी पायरी: तोडणी, म्हणजे पिल्लं आई-बापापासून वेगळी करणं

पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात तोवर मादी पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते. भरवायचं काम बहुतेक नरावर येतं. त्याच खणात दुसरं परळ ठेवा, नाहीतर मोठी पिल्लं नवी अंडी फोडतात. या आठवड्यात खडीचं भांडं रिकामं राहू देऊ नका. मादी एकीकडं पिल्लांना देतेय आणि दुसरीकडं टरफल बांधतेय.

पंचविसाव्या दिवसापासून खणातल्या वाटीत बाजरी, मसूर, मटकी ठेवा. पिल्लं खेळता खेळता चोच मारायला शिकतात. २८ ते ३० दिवसांत वेगळी करता येतात, पण तारखेपेक्षा पाण्याकडं बघा. जे पिल्लू आपणहून पाणी पितं ते तोडायला तयार. वेगळं केलेल्या पहिल्या दोन दिवसांत भांड्यात दाणा आहे आणि पिल्लू उपाशी आहे असं हमखास होतं. एखादा जुना शांत पक्षी सोबत ठेवला की बघून खायला लागतात. पाण्याच्या भांड्याशी नेऊन एक-दोनदा चोच टेकवा.

या कोवळ्या पक्ष्यांना पहिले दोन आठवडे लहान दाणा जास्त, मका भरडून, कडधान्य विणीच्या प्रमाणातच. अंगावरची लव झडून पिसं पूर्ण आली की हळूहळू नेहमीच्या मिश्रणावर आणा. कोरडी विष्ठा खरवडताना तोंडाला मास्क लावा, आधी पाणी शिंपडा. ती धूळ फुप्फुसाला वाईट आणि ढाबळीत लहान मुलं फार रमतात.

होळीच्या सुमारास शेवटची पिल्लं तोडली की नर-मादी वेगळे करायचे आणि पुन्हा ज्वारी-बाजरीच्या हलक्या दाण्यावर यायचं. पिसं बदलायला लागली की त्यात करडई आणि जवस चमचा-चमचा वाढवा.